उठला म्हणजे सुटला असं नाही: चारीत बसलेल्या एका बैलाचं प्रकरण

मे महिना, राष्ट्रीय महामार्ग 53 वरचा पारोळा ते एरंडोल हा पट्टा, आणि रस्त्याकडेच्या चारीत उजव्या कुशीवर आडवा पडलेला एक बैल. सकाळी शेताकडे निघालेल्या एका शेतकऱ्याने जवळच्या छोट्या प्राणिकल्याण संस्थेला फोन केला. सांगणं एवढंच होतं: "भाऊ, ढोर बठेल शे, उठत नही." दुपारपर्यंत पारा 43 च्या पुढे जाणार होता. बैल केव्हापासून पडला होता हे नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. आदल्या संध्याकाळी तो लंगडत चालताना दिसला होता, म्हणजे किमान बारा तास झाले होते.

खानदेशात अशा संस्थांकडे उन्हाळ्यात येणाऱ्या फोनमध्ये बसलेल्या जनावरांचे फोन फार असतात. त्यातली बरीच जनावरं वाचत नाहीत. मूळ आजार बरा होऊ शकला असता तरी ती दगावतात, कारण मोठं जनावर नुसतं पडून राहिल्यानेही मरतं. या प्रकरणातला बैल वाचला. कसा वाचला, कुठे घसरण झाली आणि त्यानंतर काय लागलं, हे इथे मापांसह मांडलं आहे. अशा कामाला मदत करणाऱ्यांनी नेमकी कशाला मदत करावी, याचं उत्तर त्या मापांतच आहे.

चारीत असताना

कार्यकर्त्यांनी पोहोचल्यावर पहिलं काम केलं ते बैलाला कुशीवरून छातीवर बसवण्याचं. ही गोष्ट कुणीही, डॉक्टर येण्याआधी करू शकतो आणि करायलाच हवी. गुरांच्या पोटात सतत वायू तयार होतो आणि तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. जनावर आडवं पडलं की ढेकर अडते, पोट फुगून फुप्फुसांवर दाब येतो आणि पोटातलं पाणी तोंडात येऊन श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. म्हणून पुढचे पाय दुमडून त्याला छातीवर बसवलं, बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना वाळूने भरलेली पोती लावली आणि डोकं पोटापेक्षा उंच राहील असं टेकवलं. वर शेडनेट ताणलं. उजवी बाजू खाली होती हे वहीत लिहून ठेवलं, कारण पुढे कोणता पाय दगा देणार याचा अंदाज त्यावरूनच येतो.

जमलेल्या लोकांपैकी एकाने बाटलीने तोंडात पाणी ओतायला घेतलं, त्याला थांबवलं. अशक्त जनावर नीट गिळत नाही. ओतलेलं पाणी फुप्फुसात गेलं तर दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया होतो. बादली तोंडापुढे धरावी, स्वतःहून प्यालं तर ठीक. या बैलाने तोंड बुडवलं, पण दोन घोटांत मान टाकली.

1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन झालाच होता. फिरत्या पथकाला वेळ लागणार होता, म्हणून तालुक्यातल्या पशुवैद्यकालाही बोलावलं. गुदद्वारातलं तापमान 105.4 फॅरनहाइट भरलं. निरोगी बैलाचं ते 101 ते 102.5 च्या आसपास असतं. अंगावर, विशेषतः मानेवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पाणी ओतत राहिले आणि 103 ला आल्यावर थांबले. त्याखालीही ओतत राहिलं तर तापमान प्रमाणाबाहेर घसरतं आणि दमलेल्या जनावराला ते पुन्हा वर आणता येत नाही.

वजन मोजायला काटा नव्हता, शिंप्याची टेप होती. छातीचा घेर 66 इंच, खांद्याच्या टोकापासून माकडहाडाच्या बाजूच्या हाडापर्यंत लांबी 58 इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 660 केलं की किलोत वजन येतं: इथे साधारण 380. औषधाचा प्रत्येक डोस या आकड्यावर ठरतो, म्हणून ही टेप संस्थेच्या पेटीत असलीच पाहिजे. दात झिजलेले, शिंगं खिल्लारी वळणाची, बरगड्या मोजता येतील अशी अंगकाठी. मानेवर जुवाचा जुना घट्टा होता. म्हणजे हा राबलेला बैल होता, नऊ-दहा वर्षांचा.

डॉक्टरांनी तपासलं ते या क्रमाने. चारही पायांची हाडं हाताने चाचपून, हलवून पाहिली. मोडलेलं हाड हाताला करकरतं, तसं कुठे लागलं नाही. शेपटी उचलताना तिने प्रतिकार केला, गुदद्वाराला स्पर्श केल्यावर ते आवळलं, मागच्या खुरांच्या बेचक्यात चिमटा काढल्यावर दोन्ही पाय आखडले. मणका शाबूत होता. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सपाट व्हायला सहा सेकंद लागत होते आणि डोळे खोल गेले होते. याचा अर्थ शरीरातलं सुमारे 8 टक्के पाणी उतरलं होतं. 380 किलोच्या आठ टक्के म्हणजे 30 लिटर. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण रस्त्यावर अर्ध्या लिटरच्या दोन-तीन सलाईन लावून "उपचार केले" म्हणणारे बरेच भेटतात. तीस लिटरच्या खड्ड्यात दीड लिटर टाकून काही होत नाही.

इथे 7.2 टक्के मिठाचं तीव्र सलाईन शिरेतून दिलं, किलोला 5 मिली या हिशेबाने 1.9 लिटर. ते पोटातलं आणि पेशींतलं पाणी रक्तात खेचून घेतं, त्यामुळे त्यानंतर तासाभराच्या आत पोटात पाणी जायलाच हवं. डॉक्टरांनी तोंडात आडवी लाकडी पट्टी बसवून नळी पोटात उतरवली, ती श्वासनलिकेत नाही याची खात्री केली आणि क्षार मिसळलेलं 20 लिटर पाणी सोडलं. संध्याकाळी आणखी 15 लिटर. हे काम डॉक्टरांचंच आहे, कार्यकर्त्याने करायचं नाही. पाणी पोहोचल्यानंतरच वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम 190 मिलिग्रॅम दिलं. कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडावर आधीच ते टाकलं तर मूत्रपिंड बंद पडतं. डायक्लोफेनॅक गुरांसाठी 2006 पासून बंद आहे आणि किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅकवर 2023 मध्ये बंदी आली. अशी औषधं दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. तरीही कुणाच्या तरी घरातून जुनी बाटली पुढे येते, म्हणून ही नावं कार्यकर्त्याला पाठ असावीत.

लोकांनी कॅल्शियमच्या बाटलीचा आग्रह धरला. दुभत्या, नुकत्याच व्यालेल्या गाईला ती जीवदान देते, पण बैल बसण्यामागे कॅल्शियम हे कारण क्वचितच असतं, आणि शिरेतून घाईने दिलं तर हृदय थांबतं. डॉक्टरांनी रक्त तपासणीला पाठवलं आणि ती बाटली बाजूला ठेवली. लघवी मात्र चहासारखी गडद होती. गोचिड तापातही लघवी लाल-तपकिरी होते, त्यामुळे रक्ताची काचपट्टीही घेतली, ती स्वच्छ निघाली. राहिलं एकच कारण: अंगाखाली चेपलेल्या स्नायूंचा रंग रक्तात उतरून लघवीत येत होता. बैल कशाने पडला हे शेवटपर्यंत निश्चित झालं नाही. उपासमार, ऊन आणि बहुधा वाहनाचा धक्का. तो उठत का नव्हता, ते मात्र कळलं होतं.

कागद आणि वाहतूक

दुपारी दोघं पोलीस ठाण्यात गेले. पंचनामा, फोटो, कानातल्या बारा अंकी टॅगची नोंद. इथे टॅग नव्हता, कानाला फक्त भोक होतं. ग्रामपंचायतीलाही लेखी कळवलं. ही पायरी टाळणाऱ्या संस्था पुढे अडचणीत येतात: मालक महिन्याभराने उगवतो, किंवा रस्त्यात गाडी अडवली जाते. बैल घेऊन जाणारी पिकअप महामार्गावर दिसली की प्रश्न विचारले जाणारच. पंचनाम्याची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि संस्थेचं पत्र ही तीन कागदं चालकाजवळ हवीत. उपाशीतापाशी जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये आहे. त्या दंडाच्या धाकाने कुणी बैल सांभाळेल, ही आशा धरून काम आखता येत नाही.

हलवायचं ठरलं ते सूर्य कलल्यावर. एकाने जेसीबी आणतो म्हटलं. पोटाखालून दोर घालून जेसीबीच्या बकेटने उचलणं ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे: सगळं वजन पोटावर येतं, श्वास कोंडतो, दोर कातडी आणि नसा कापतो. इथे जिनिंगमधून मागून आणलेला जुना रबरी कन्व्हेअर पट्टा वापरला, सात फूट लांब. बैलाला एका कुशीवर हलकं कलवून पट्टा खाली सरकवला, परत बसवलं आणि आठ जणांनी चारीतून वर ओढून फळ्यांच्या उतारावरून पिकअपमध्ये घेतलं. हौद्यात सहा इंच वाळू, वर कडब्याचा थर. एक जण डोक्याशी बसला, मान पोटापेक्षा वर धरून. गाडी ताशी तीस-चाळीसच्या वर नेली नाही.

वाळूचा बिछाना

प्रकरण खरं तर इथे सुरू होतं.

मोठं जनावर कठीण जमिनीवर एकाच कुशीवर सहा-सात तास राहिलं की खालच्या पायाच्या स्नायूंत रक्त पोहोचत नाही. स्नायू सुजतात, सुजेने आणखी दाब येतो, आणि मांडीच्या मागची नस चेपून पाय बधिर होतो. मग मूळ आजार बरा झाला तरी पाय साथ देत नाही. यावर इंजेक्शन नाही. उपाय दोनच: मऊ बिछाना आणि कूस बदलणं.

गोठ्याच्या शेडमध्ये 12 बाय 10 फुटांचा कप्पा विटांनी आखला आणि त्यात एक फूट खोल नदीची वाळू भरली. 120 घनफूट, म्हणजे 1.2 ब्रास. परवान्याची वाळू घ्यावी. गिरणा-तापीच्या काठावर रात्रीची वाळू स्वस्त मिळते, पण ती संस्थेच्या नावावर आली की उद्या संस्थाच अडकते. क्रश सँडचे कण धारदार असतात आणि कातडी सोलतात. गाळाची किंवा काळी माती लघवीने चिकट होते. नुसता कडबा अंथरला तर दुसऱ्या दिवशी दबून सतरंजीएवढा होतो आणि खालून ओल धरतो. वाळूतून लघवी खाली जाते, अंगाचा आकार वाळू स्वतः घेते, आणि उठायचा प्रयत्न करताना खुराला पकड मिळते. ओली झालेली वरची दोन इंच रोज काढून उन्हात वाळवायची आणि चाळून पुन्हा वापरायची. एकदा आणलेली वाळू दोन-तीन जनावरांना पुरते.

कूस दर चार तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. सहा, दहा, दोन, सहा, दहा, दोन. प्रत्येक वेळी चार माणसं आणि पंधरा मिनिटं: एक डोक्याशी, मान ज्या बाजूला वळवायची तिकडे घेणारा, दोघं पाठीशी ढकलणारे, एक जण मागच्या पायाला मऊ दोर लावून तो पोटाखालून पलीकडे घेणारा. शेपटी धरून ओढायचं नाही, शेपटीचे मणके निखळले तर लघवी-शेणाचा ताबाही जातो. हिशेब केला तर दिवसाला सहा माणूस-तास होतात. दोन आठवड्यांना 84.

हे तास भरणं हेच सगळ्यांत अवघड गेलं. पहिल्या दिवशी मदतीला पंचवीस जण होते. तिसऱ्या रात्री दोनच्या पाळीला दोघंच आले. दोघांनी 380 किलो हलत नाही. बैल दहापासून सकाळी सहापर्यंत उजव्या कुशीवर राहिला, आणि सकाळी कमरेच्या उजव्या हाडावर तळहाताएवढी कातडी लाल, ओलसर दिसली. दोन दिवसांत तिथे जखम झाली. चौथ्या रात्रीपासून संस्थेने पाळीपत्रक भिंतीवर लावलं, प्रत्येक पाळीला चारऐवजी सहा नावं, आणि रात्रीच्या दोन पाळ्या गावातल्याच मुलांकडे दिल्या. वीस किलोमीटरवरून येणाऱ्या उत्साही माणसाला रात्री दोनची पाळी देऊ नये, तो पहिल्या दिवशी येतो आणि तिसऱ्या दिवशी येत नाही.

जखमेवर माशी बसली की खानदेशच्या उन्हाळ्यात एका दिवसात अळ्या पडतात. गावठी उपाय म्हणून फिनेल, पेट्रोल किंवा रॉकेल ओततात. अळ्या मरतात, पण बरं होऊ पाहणारं मांसही जळतं आणि मेलेल्या अळ्या आत कुजतात. इथे मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन चिमट्याने एकेक अळी काढली, पोव्हिडोन आयोडीन लावलं, जखमेभोवती माशी हाकणारं मलम फिरवलं, आणि आयव्हरमेक्टिन 50 किलोला 1 मिली या मापाने कातडीखाली दिलं. ही एका रात्रीच्या पाळीची किंमत: तीन आठवडे रोज ड्रेसिंग.

चारा: काय द्यायचं आणि काय अडवायचं

बैल गोठ्यात आला हे कळल्यावर लोक खायला घेऊन आले. पुरणपोळ्या, गूळ, शिळ्या चपात्या, आणि यावल-रावेरच्या एका बागायतदाराने क्रेटभर पिकलेली केळी. देणाऱ्यांच्या मनात माया होती, म्हणूनच हे स्पष्ट सांगायला हवं: उपाशी जनावराच्या पोटात साखर आणि पिठूळ पदार्थ एकदम गेले तर पोटातले जंतू आम्ल तयार करतात, रवंथ थांबते आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकतं. केळीचं क्रेट निरोगी जनावरांत थोडं थोडं वाटलं, या बैलाच्या पुढे काही ठेवलं नाही.

त्याला पहिले चार दिवस फक्त दादर या रब्बी ज्वारीच्या कडब्याची बारीक कुट्टी आणि थोडा कोवळा मका, चार-पाच वेळा विभागून. पाणी दिवसाला 30 ते 40 लिटर, सावलीत ठेवलेलं. रवंथ तिसऱ्या दिवशी सुरू झाली. पाचव्या दिवसापासून सरकी पेंड पाव किलोने सुरू करून आठवड्यात एक किलोपर्यंत नेली. सोबत खनिज मिश्रण 50 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम. पूर्ण खुराक बसला तो असा: कडबा 5 किलो, हिरवा मका 12 किलो, पेंड 1 किलो. यातलं कोरडं द्रव्य साधारण 8 किलो भरतं, 380 किलोच्या न राबणाऱ्या बैलाला ते पुरेसं आहे.

त्याला इतर गुरांपासून तीन आठवडे वेगळं ठेवलं, वेगळी बादली, वेगळं दावं, गोचिडांची फवारणी. 2022 च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीतला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला होता, तेव्हा या जिल्ह्यात वेगळ्या कप्प्याचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागू नये. तरी जागा नाही म्हणून नवं जनावर थेट कळपात सोडलं जातं.

उभं करणं

चौथ्या दिवशी बैलाने स्वतःहून मागचा भाग उचलायचा प्रयत्न केला. गुरं उठताना आधी मागचे पाय सरळ करतात, मग पुढचे. त्यामुळे कार्यकर्त्यांनी मदत मागून द्यायची, पुढून ओढायचं नाही. प्रयत्न करतो, खातो, सावध आहे: या तीन खुणा असतील तर झोळीवर घ्यायचं. नुसतं निपचित पडलेल्याला टांगल्याने काही मिळत नाही.

जाड लोखंडी पाइपची तिकटी, तिला एक टनाची चेन पुली. पट्टे दोन, प्रत्येकी एक फूट रुंद, आतून घोंगडीचं अस्तर. पुढचा पट्टा छातीखालून, पुढच्या पायांच्या लगेच मागे. मागचा पट्टा पोटाखालून, पण बैलाच्या बाबतीत लघवीच्या जागेच्या पुढेच थांबायला हवा. तो त्यावर आला तर लघवी तुंबते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला बैल निवांत उभा दिसतो. मागच्या दोन पायांत सव्वा फुटाचं ढिलं दावं बांधलं, म्हणजे पाय फाकून मांडीचे स्नायू फाटत नाहीत. वर घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. खुरांवर भार येत नसेल तर लगेच खाली. तासन्‌तास टांगून ठेवलेलं जनावर पट्ट्यांवर लोंबकळतं आणि छातीचे स्नायू चेपतात, म्हणजे जमिनीवर होणारं नुकसान हवेत होतं.

सहाव्या दिवशी डाव्या पायावर भार आला. उजवा मागचा पाय मनगटासारखा मुडपून खुराच्या पाठीवर टेकत होता, म्हणजे नस दुखावली होती. त्याला कापूस गुंडाळून अर्ध्या पीव्हीसी पाइपची खपाची, म्हणजे आधाराची पट्टी, लावली, रोज सोडून मालिश आणि सांध्याची हालचाल, पुन्हा बांधणी. खपाची दोन दिवस न सोडता ठेवली तर तिच्या कडांखाली नवी जखम होते. नवव्या दिवशी पुली फक्त आधाराला राहिली. तेराव्या दिवशी पहाटे बैल स्वतः उठून गव्हाणीशी आला. उजवा पाय अजून ओढत होता, तो पूर्ण सुधारला नाही.

दुसऱ्या बाजूचा निर्णयही पहिल्याच दिवशी कागदावर होता. दहा दिवसांत एकदाही उठायचा प्रयत्न नाही, खाणं बंद, जखमा हाडापर्यंत: असं झालं तर वेदना लांबवायच्या नाहीत. 1960 च्या त्याच प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम 13 मध्ये पोलीस, शासकीय पशुवैद्यक आणि दंडाधिकाऱ्यांमार्फत त्याची वाट आहे. ही मर्यादा आधी लिहिलेली नसली की रोज "उद्या पाहू" होतं, आणि ते उद्या जनावर भोगतं.

पैसा कुठे लागला

रुपये इथे देत नाही, कारण वाळू आणि कडब्याचे दर हंगामागणिक हलतात. मापं हलत नाहीत.

दोन आठवड्यांच्या उपचारात लागलं ते असं: वाळू 1.2 ब्रास, पिकअपची एक फेरी, चेन पुली (भाड्याने), औषधं आणि डॉक्टरांच्या फेऱ्या, 84 माणूस-तास, आणि कडबा जेमतेम 60 किलो. यातलं जवळजवळ सगळं चार दिवसांत गोळा झालं. चारीतल्या बैलाचा फोटो फिरला, देणग्या आल्या, आणि त्या उपचाराला पुरून उरल्या.

बैल उठल्याचा फोटोही फिरला, आणि देणग्या थांबल्या.

हा बैल आता औताला चालणार नाही. मालक आला नाही. नऊ-दहा वर्षांचा बैल नीट सांभाळला तर आणखी सहा-आठ वर्षं जगतो. वर सांगितलेल्या खुराकाचं वर्षाचं माप काढा: कडबा 1,825 किलो, हिरवा चारा साडेचार टनांच्या आसपास, पेंड साडेतीन क्विंटलच्या वर. उपचारात लागलेल्या कडब्याच्या तीस पट, तेही दर वर्षी. त्यात लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्याच्या लसी, खुरं कापणं, जंताचं औषध आणि गुराख्याचा पगार. संस्था बुडतात त्या या खर्चाने, शस्त्रक्रिया-सलाईनच्या खर्चाने नाही. आणि बुडणारी संस्था एका दिवसात बंद होत नाही. आधी पेंड बंद होते, मग हिरवा चारा आठवड्यातून दोनदा येतो, मग गुरं एकमेकांची दावी चघळताना दिसतात, आणि गोठ्यातच जनावरं बसायला लागतात.

म्हणून या संस्थेने त्यानंतर देणगीची पद्धत बदलली, आणि ती इतरांनी उचलण्यासारखी आहे. नवं जनावर घेताना उपचाराच्या देणगीतला निम्मा भाग चारा खात्यात वेगळा जातो. ते खातं इतर कशालाही वापरायचं नाही. शिवाय प्रत्येक कायमच्या जनावरामागे बारा घरं शोधायची, एकेका घराने एका महिन्याचा खुराक द्यायचा: 150 किलो कडबा, 360 किलो हिरवा चारा, 30 किलो पेंड. ज्याच्याकडे पैसा नाही पण वावर आहे, तो मक्याच्या एका सरीचा हिरवा चारा देतो. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो पाळी देतो. सहा माणूस-तासांचं मोल वर आलंच आहे.

कडबा द्यायचा तर तो केव्हा, हेही महत्त्वाचं आहे. रब्बी दादरची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, कडबा तेव्हा मुबलक आणि स्वस्त असतो. जूनमध्ये, पाऊस लांबला की, त्याच पैशांत निम्मा येतो. देणगीदार मात्र मेमध्ये, उन्हात पडलेलं जनावर पाहून हलतात. पेंडी लहान-मोठी असते, त्यामुळे शेकड्यावर न घेता वजनकाट्यावर घ्यावा. गंजी जमिनीपासून फूटभर उंच, लाकडी ओंडक्यांवर रचावी आणि ताडपत्रीच्या कडा खालपर्यंत घ्याव्यात. भिजून काळा पडलेला कडबा बुरशीचा असतो. तो खाऊ घालण्यापेक्षा खतात टाकलेला बरा, हे सांगताना देणाऱ्याचं मन मोडतं, तरी सांगावं. कुट्टी केली तर नासाडी थांबते, अख्खी पेंडी टाकली तर बरीचशी पायाखाली जाते.

पैसे देणाऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि दर वर्षीचं लेखापरीक्षण. जनावरांचं आवक-जावक रजिस्टर. मृत्यूची नोंद, कारणासह. एकही मृत्यू नोंदलेला नसेल तर रजिस्टर खोटं आहे, कारण अशा ठिकाणी आजारीच जनावरं येतात. आणि चाऱ्याच्या पावत्या, वजनासह. प्राप्तिकरात सूट हवी असेल तर 2,000 रुपयांच्या वरची देणगी रोखीने देऊ नये, ती वजावटीत धरली जात नाही. गोठ्यावर जाता येत असेल तर दुपारी तीनला जावं, सकाळी पूजेच्या वेळी नाही: तेव्हा हौदात पाणी आहे का, गव्हाणीत काय आहे, आणि बसलेल्या जनावरांखाली काय अंथरलं आहे, हे तीन मिनिटांत दिसतं.

या बैलाची बारापैकी नऊ घरं ठरली आहेत. एप्रिल, मे आणि जून मोकळे आहेत, आणि त्या तीन महिन्यांचा साडेचार क्विंटल कडबा मार्चअखेर गंजीत पडायला हवा.